आर्वीच्या डिशचे पूर्वज

आर्वी म्हटले की बहुतेकांना वर्धा जिल्ह्यातली आर्वी आठवते. ही आर्वी जुन्नर तालुक्यातली, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावच्या परिसरातली. भोवती द्राक्षबागा, टोमॅटो-कांद्याची शेते आणि पलीकडे डोंगर. १९७१ साली इथे देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र कामाला लागले. सुमारे तीस मीटर व्यासाची एकच प्रचंड डिश नैऋत्येच्या आकाशाकडे तोंड करून उभी राहिली आणि मुंबईतून परदेशी केलेला फोन या शिवारावरून अवकाशात जाऊ लागला.

आर्वीचा उल्लेख सहसा भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या इतिहासात एका ओळीपुरता येतो. आधी थुंबा, मग आर्वी, मग आर्यभट, पुढे इन्सॅट. ही ओळ खोटी नाही, पण तिच्यामुळे आर्वीचा जन्म रॉकेटच्या घराण्यात झाला असा समज होतो. मला तो पटत नाही. आर्वीला तिचे काम मिळाले ते तारखात्याकडून, आणि तिचा बांधा आला तो आकाश ऐकणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांकडून. यातले पहिले घराणे तर आर्वीच्या चव्वेचाळीस वर्षे आधीच पुणे जिल्ह्यात येऊन स्थिरावले होते.

सुरुवात मुंबईच्या किनाऱ्यापासून करावी लागते. १८७० च्या फेब्रुवारीत ग्रेट ईस्टर्न हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी केबल सोडत निघाले. एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे जोडत त्याच वर्षीच्या जूनमध्ये ही साखळी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोच्या खाडीत पोहोचली. त्याआधी इंग्लंडची तार इराणच्या आखातातून आणि खुश्कीच्या मार्गाने, अनेक देशांच्या तारखात्यांच्या हातांतून येई. तिला काही दिवस लागत आणि मजकुराची मोडतोडही होई. समुद्री केबलने हा वेळ काही तासांवर आणला. कापसाचे भाव, अफूचे भाव, जहाजांच्या वेळा, सरकारी हुकूम, सगळे याच एका तांब्याच्या धाग्यातून ये-जा करू लागले. मुंबई आणि कॉर्नवॉल यांची जोडी तेव्हा जमली. पुढच्या शंभर वर्षांत ती पुन्हा पुन्हा समोर येते.

कॉर्नवॉलच्याच पोल्डू इथून डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवला. पण त्या पद्धतीच्या लांब लहरींना अवाढव्य यंत्रे आणि अवाढव्य वीज लागे. खरा पालट झाला तो १९२० नंतर. मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी लघुलहरी वापरून दाखवल्या, आणि त्या चहूकडे उधळण्याऐवजी उंच खांबांवर ताणलेल्या तारांच्या पडद्याने एकाच दिशेला झोताप्रमाणे सोडल्या. ही बीम पद्धत. थोड्या विजेत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाणारी, दिवसाही चालणारी आणि केबलपेक्षा कितीतरी स्वस्त.

या बीमचा भारतातला मुक्काम होता पुणे जिल्ह्यात. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभारले. १९२७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ती सुरू झाली आणि इंग्लंडशी थेट बिनतारी तारव्यवहार चालू झाला. केंद्रांच्या दोन जागा, त्याही एकमेकींपासून इतक्या दूर का, याचे कारण साधे आहे. आपल्याच प्रक्षेपकाचा गडगडाट शेजारी चालू असताना हजारो मैलांवरून आलेली क्षीण कुजबुज ऐकू येत नाही. बोलणारे तोंड खडकीला आणि ऐकणारा कान दौंडला ठेवला, म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी चालली. दौंड आपण रेल्वे जंक्शन म्हणून ओळखतो. त्या गावाने लंडनचा आवाज ऐकण्याचे काम केले आहे, ही गोष्ट दौंडकरांनाही फारशी ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

बीमने केबल कंपन्यांचा धंदा इतका ओढला की सरकारला मध्ये पडून दोन्हींची सांगड घालावी लागली. भारतात १९३२ मध्ये बिनतारी आणि केबल यांची मिळून एकच कंपनी झाली. १९३३ मध्ये मुंबई-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला. १९४७ च्या आरंभी सरकारने हा सगळा कारभार ताब्यात घेतला आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते जन्माला आले. आर्वी चालवली ती याच खात्याने. इथे वंशावळीचा पहिला धागा पुरा होतो. ज्या खात्याच्या हाडीमाशी खडकी आणि दौंड होते, त्याच खात्याने चार दशकांनंतर आर्वीची चावी हातात घेतली.

मधल्या काळात लघुलहरींची मर्यादा सगळ्यांना कळून चुकली होती. या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरांवर आपटून परत येतात. ते थर सूर्याच्या तंत्राने वागतात. दिवसा एक लहरलांबी चालते, रात्री दुसरी घ्यावी लागते, आणि सूर्यावर वादळ झाले की सगळेच बंद पडते. आवाज चढतो, उतरतो, मध्येच विरतो. शिवाय एका वेळी मोजकेच फोन लागू शकतात. परदेशी फोन म्हणजे नाव नोंदवा, वाट पाहा, आणि लागला की ओरडून बोला. ज्या घरांतली मुले साठीच्या दशकात शिकायला परदेशी गेली, त्या घरांत आवाज ऐकण्यापेक्षा पत्राची वाट पाहण्याचीच सवय होती.

आता दुसरे घराणे. रेडिओ लहरींसाठी प्रचंड, हव्या त्या दिशेला वळणारी डिश बांधण्याची विद्या दूरसंचारवाल्यांनी शोधलेली नाही. ती रेडिओ खगोलशास्त्रातून आली. इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकची ७६ मीटरची दुर्बीण १९५७ मध्ये उभी राहिली. तिचे अभियंता चार्ल्स हस्बंड. काही वर्षांतच ब्रिटिश टपाल खात्याला उपग्रहाशी बोलण्यासाठी डिश हवी झाली, तेव्हा ते काम हस्बंड यांच्याकडेच गेले. कॉर्नवॉलच्या गूनहिली माळावर, पोल्डूपासून काही मैलांवर, सुमारे २६ मीटर व्यासाची आणि अकराशे टनांच्या आसपास वजनाची ती डिश उभी राहिली. पुढे तिचे नाव पडले आर्थर. तिथे खाली सर्पेंटाइनचा टणक खडक आहे, आणि एवढे वजन बारीक अचूकतेने वळवायचे तर पाया हलून चालत नाही.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने वेगळा आकार धरला. न्यू जर्सीतल्या होमडेलला तिने एको या फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणारे संदेश पकडायला शिंगाच्या आकाराचा अँटेना केला. याच शिंगातून पुढे पेंझियस आणि विल्सन या संशोधकांना न जाणारी, सगळ्या दिशांनी सारखी येणारी खरखर ऐकू आली. विश्वाच्या जन्मकाळचा तो अवशेष होता. दूरसंचाराचे यंत्र आणि दुर्बीण ही किती सख्खी भावंडे आहेत, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. होमडेलच्या शिंगाची थोरली आवृत्ती मेन राज्यातल्या अँडोव्हरला आणि तिचीच जोड फ्रान्समधल्या प्लुमर-बोदूला बसवली गेली.

गूनहिली, अँडोव्हर आणि प्लुमर-बोदू ही तिन्ही केंद्रे उभी राहिली ती टेलस्टार या एकाच उपग्रहासाठी. १० जुलै १९६२ ला सुटलेला, सुमारे ७७ किलो वजनाचा, ८८ सेंटिमीटरचा हा गोळा. त्याच्या सौरघटांतून मिळणारी वीज चौदा वॅटच्या आसपास, आणि पृथ्वीकडे सोडलेला संदेश जेमतेम दोन-सव्वादोन वॅटचा. हजारो किलोमीटरचा प्रवास करून तो जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यातले जे उरे, ते एका वॅटच्या अब्जाव्या हिश्शाहूनही कितीतरी कमी. ते पकडायला एवढ्या मोठ्या डिशा हव्या होत्या. अँडोव्हरला तर ग्राहकयंत्राच्या पोटातला माणकाचा स्फटिक द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ठेवावा लागे, म्हणजे यंत्राची स्वतःची खरखर त्या क्षीण संदेशाला गिळत नसे. शिवाय टेलस्टार आकाशात स्थिर नव्हता. दोन तास सदतीस मिनिटांत तो पृथ्वीला एक फेरा घाली आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांना एकाच वेळी दिसे तो सुमारे वीस मिनिटे. तेवढ्यात ती अवजड डिश त्याच्या मागे अचूक फिरली पाहिजे. पहिल्या रात्री फ्रान्सला चित्र स्वच्छ मिळाले आणि गूनहिलीला अंधुक, कारण अँटेनाच्या ध्रुवणाची दिशा उलटी लागली होती. ती सुधारली आणि पुढच्या फेऱ्यांत गूनहिलीचे चित्रही लख्ख आले.

टेलस्टारची धावपळ थांबली ती भूस्थिर कक्षेमुळे. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून जमिनीवरून जागच्या जागी दिसतो. १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्कने मांडलेला हा विचार १९६५ च्या एप्रिलमध्ये सुटलेल्या अर्ली बर्डने व्यवहारात आणला. इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हा पहिला उपग्रह, २४० टेलिफोन वाहिन्यांचा. १९६९ च्या उन्हाळ्यात हिंदी महासागरावर इंटेलसॅट-३ मालिकेतला उपग्रह आला आणि पृथ्वीभोवतीची साखळी पूर्ण झाली, चंद्रावर माणूस उतरण्याच्या तोंडावर. पण अंतर टेलस्टारच्या कितीतरी पट वाढले होते आणि उपग्रह अजून अशक्तच होते. म्हणून इंटेलसॅटने अ-दर्जाच्या भूकेंद्रासाठी जमिनीवर तीस मीटरच्या आसपासची डिश लागेल अशी अट घातली. आर्वीच्या डिशचे माप तिथून आले. वरच्या अशक्तपणाची भरपाई खालच्या पोलादाने केली.

भारतात ही विद्या आधी अहमदाबादला रुजली. १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने तिथे प्रायोगिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. देशी-परदेशी अभियंते तिथे शिकले. विक्रम साराभाई तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आणि अवकाश कार्यक्रमही त्यांच्याच हाती होता. व्यावसायिक केंद्र बाहेरून उभारून घेण्यापेक्षा आपल्या माणसांनी ते हाताने करावे, हा त्यांचा आग्रह, आणि आर्वी हे त्या आग्रहाचे पहिले मोठे फळ. त्याच सुमारास, १९७० मध्ये, उटीच्या डोंगरउतारावर गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची रेडिओ दुर्बीण तयार झाली. स्वरूप यांची सुरुवात तर आणखी जवळची. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांनी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बत्तीस लहान डिशांची दुर्बीण मांडली होती. साठीच्या दशकात एकीकडे सूर्य ऐकणाऱ्या आणि दुसरीकडे उपग्रह ऐकणाऱ्या डिशा याच देशात, बहुतांशी याच पिढीच्या हातांनी उभ्या राहत होत्या.

जागा आर्वीच का, याचे उत्तर डोंगरांत आहे. उपग्रहाकडे जाणारा संदेश सहा गिगाहर्ट्झच्या आणि उतरणारा चार गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे. हेच पट्टे शहरांना जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांनाही लागतात. मुंबई-पुण्याच्या मनोऱ्यांची गडबड डिशच्या कानापर्यंत पोहोचू नये, म्हणून मध्ये सह्याद्रीचे फाटे हवेत, पण दक्षिणेचे आकाश मोकळे हवे, आणि मुंबईपर्यंत भूमार्गाने जोडणीही शक्य हवी. जुन्नरचे पठार या सगळ्याला पुरे पडते. खडकी-दौंडची अडचण इथे वेगळ्या रीतीने सुटली होती. चढणारी आणि उतरणारी कंपने भिन्न असल्यामुळे तोंड आणि कान एकाच डिशमध्ये मावले.

डिशचे काम कसे चाले हे समजून घेतले की तिच्याबद्दलचा आदर वाढतो. तीस मीटरच्या डिशचा चार गिगाहर्ट्झवरचा झोत अंशाच्या पाचव्या हिश्शाहूनही अरुंद असतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी. भूस्थिर म्हटलेला उपग्रहही आपल्या जागी थोडासा डुलत असतो, म्हणून एवढ्या मोठ्या यंत्राला अहोरात्र किंचित-किंचित सरकत त्याचा माग ठेवावा लागे. आर्वीहून हिंदी महासागरावरचा उपग्रह क्षितिजापासून साठ अंशांहून थोडा वर, नैऋत्येला लागतो. तोच उपग्रह कॉर्नवॉलहून पाहिला तर क्षितिजाच्या जेमतेम काही अंश वर असतो. म्हणजे आर्वीचे डोके वर आणि गूनहिलीची मान खाली, आणि दोघींची नजर एकाच ठिकाणी. वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, दुपारी काही मिनिटे सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा सूर्याची खरखर सगळे बुडवून टाकते. ते टाळता येत नाही. वेळापत्रक आधी काढून ठेवायचे आणि सूर्य सरकेपर्यंत थांबायचे.

आवाज मात्र स्वच्छ झाला. लघुलहरींचा चढउतार गेला, एकाच वेळी कितीतरी फोन लागू लागले, दूरचित्रवाणीचे चित्रही येऊ-जाऊ शकले. एक नवी गोष्टही आली. बोललेला शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे, उत्तरालाही तेवढाच. त्या अर्ध्या सेकंदाच्या पोकळीत दोघेही पुन्हा बोलायला लागत आणि एकमेकांच्या शब्दांवर आदळत. आखातात, लंडनला किंवा अमेरिकेत माणूस असलेल्या अनेक कुटुंबांना हे अडखळत बोलणे अजून आठवत असेल.

३० डिसेंबर १९७१ ला कोवळममध्ये साराभाईंचे अचानक निधन झाले. ते बावन्न वर्षांचे होते. आर्वीच्या केंद्राला विक्रम हे नाव मिळाले. पुढे डेहराडूनजवळ लच्छीवाला इथे देशाचे दुसरे मोठे केंद्र झाले.

पण डिश मोठी असण्याचे कारणच हळूहळू सरत होते. १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर साइट हा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. गावांत बसवलेल्या डिशा तीन मीटरच्या, जाळीच्या, साध्या कारागिरीच्या होत्या. त्या पुरल्या, कारण नऊ मीटरची मोठी डिश या वेळी वर, उपग्रहावरच उघडली होती. माझ्या मते भूकेंद्राच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. वजन जमिनीवरून आकाशात गेले. पुढे इन्सॅट आले, गल्लीतल्या केबलवाल्याच्या गच्चीवर डिशा आल्या, आणि अखेर खिडकीच्या गजाला बांधलेली साठ सेंटिमीटरची छत्री आली.

टेलिफोनचे ओझे आर्वीच्या खांद्यावरून उतरवले ते मात्र उपग्रहाने नव्हे. ते उतरवले पणजोबांनी. समुद्रतळाची केबल परत आली, या वेळी काचेच्या तंतूंची. १९९४ मध्ये सी-मी-वी-२ आणि १९९७ मध्ये फ्लॅग या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या. पाव सेकंदाची पोकळी मिटली आणि क्षमता अशी वाढली की कोणत्याही उपग्रहाने तिच्याशी बरोबरी करू नये. ओव्हरसीजचे १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाले होते, २००२ मध्ये ते टाटांकडे गेले आणि २००८ मध्ये त्याचे नावही बदलले. ज्या सागरावरून बीमने केबलला हुसकावले, त्याच सागराखालून केबलने उपग्रहाला बाजूला केले.

मग या तीस मीटरच्या डिशांचे करायचे काय? अँडोव्हरचे शिंग मोडून टाकले गेले. प्लुमर-बोदूचा शुभ्र घुमट संग्रहालय झाला. गूनहिलीच्या आर्थरला २००३ मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. पुढे ते केंद्र नव्या मालकांनी घेतले आणि तिथली बत्तीस मीटरची डिश दूरच्या अवकाशयानांशी बोलू लागली.

मला सर्वांत पटतो तो आणखी एक मार्ग, कारण त्यात डिश आपल्या मूळ घराण्यात परत जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुनाची तीस मीटरची डिश टास्मानिया विद्यापीठाकडे आली आणि रेडिओ दुर्बीण झाली. न्यूझीलंडमधल्या वॉर्कवर्थला तेच घडले. घानात अक्रा शहराजवळच्या कुंटुन्से इथली बत्तीस मीटरची डिश दक्षिण आफ्रिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या साहाय्याने २०१७ मध्ये दुर्बीण म्हणून खुली झाली. असा बदल करताना पाया, पोलाद, वळवण्याची यंत्रणा या सर्वांत महागड्या गोष्टी तयारच असतात. गंजलेले दुरुस्त करायचे, मोटारी आणि नियंत्रण नवे घालायचे, आणि नाभीपाशी नवे ग्राहकयंत्र बसवायचे.

आर्वीच्या बाबतीत ही चर्चा आपल्याकडे व्हायला हवी होती, आणि ती करायला जगात याहून योग्य जागा नाही. जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटरच्या तीस डिशांची. तिनेही जुन्नरचा हाच परिसर निवडला, आणि कारणही बरेचसे तेच, रेडिओ गोंगाटापासून आडोसा. पण खोडदच्या जाळीच्या डिशा साधारण दीड गिगाहर्ट्झच्या आतल्या कंपनांसाठी आहेत. दूरसंचारासाठी केलेली तीस मीटरची डिश त्याच्या वर, चार ते सात गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उत्तम चालते. नव्याने जन्मणाऱ्या मोठ्या ताऱ्यांभोवतीच्या मिथेनॉलची तेजस्वी रेषा ६.७ गिगाहर्ट्झवर असते. कुंटुन्सेच्या डिशने सुरुवातीच्या निरीक्षणांत जे टिपले, त्यात मिथेनॉलचा समावेश होता.